मडकं बोललं

पाटोळ्यांच्या घरात देवाला यायला मनाई होती असं मुळीच नाही, पण जानकीने त्याच्यासाठी रीतसर जागा करून दिली. मुलुंडच्या संजीवन सभेहून ती परत आली आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या, पापडाचे डबे शेजारच्या चंपामावशींकडे गेले, वर पांढऱ्या चादरीचा पडदा लागला. सभेतल्या उपदेशकाने सांगितलं होतं की परमेश्वराची समक्षता हवी असेल तर आधी तिच्यासाठी जागा झाडून ठेवा. बाकीच्या बायकांनी ते मनाचं बोलणं समजून डोळे पुसले आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. जानकीने केरसुणी हातात घेतली.

मरोळच्या त्या दोन खोल्यांत मग नवे नियम आले. टीव्हीवर टेबलक्लॉथ पडला. सकाळ-संध्याकाळ घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण वर प्रार्थना चाललेली असे. जानकीचा नवरा सहदेव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि चर्चच्या मंडळीचा पंचही होता. कारखान्यातली माणसं त्याला टरकून असत. घरात मात्र तो मोजे घालून हळूहळू चालायला लागला, आणि पंचाच्याच घरात भक्ती वाढतेय म्हटल्यावर कुरकुर कुठल्या तोंडाने करणार?

आणखी एक नियम आला, तो कुणी बोलून दाखवला नाही. सहदेवचा धाकटा भाऊ राजाराम याचा पाण्याचा पेला फळीवरून उतरून खाली रॉकेलच्या डब्याशेजारी गेला. राजाराम पूर्वी पीत असे, चांगला नाल्यात पडेपर्यंत पीत असे, आणि त्यापायी मंडळीने त्याला प्रभुभोजनातून बंद ठेवलं होतं. दारू सोडूनही आता दोन वर्षं होत आली होती. पण पाप माणसाच्या वस्तूंनाही चिकटतं, असं काहीतरी जानकीने सभेत ऐकलं होतं, किंवा ऐकलं असं तिला वाटलं होतं. राजारामने खालचा पेला पाहिला, उचलला, पाणी प्यायला आणि परत खालीच ठेवला. त्याच्या बायकोने, विमलाने, पाहिलं आणि मोरीत जाऊन उगाच भांडी घासली. दोघा भावांच्या आईने, रुक्मिणीबाईंनीही पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि रुक्मिणीबाई बोलत नाहीत तेव्हा घरातल्यांनी जरा जपून राहावं असा अनुभव होता.

ईस्टर नुकताच झाला होता. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं, आणि त्या उपासनेत राजारामला पुन्हा मेजाशी घेणार होते. पाळकसाहेब त्याला नाव घेऊन उभं करणार, त्याने सगळ्यांदेखत कबुली द्यायची, मग भाकर आणि प्याला. विमलाने त्याचा नवा सदरा दोनदा इस्त्री केला होता. तो पीत होता तेव्हा ती दहिसरला माहेरी जाऊन राहिली होती आणि तो सुधारल्यावर परत आली होती. सगळ्यांसमोर तो एकदा उभा राहिला की तिचं परत येणंही लोकांच्या तोंडी शहाणपणाचं ठरणार होतं.

या मंडळीत प्रभुभोजनाचा द्राक्षरस पाटोळ्यांच्या घरचा. सहदेवचे वडील, थोरले पाटोळे, नगरकडचं गाव सोडून मुंबईत आले तेव्हापासूनचा हा मान. रीत साधी होती. शनिवारी संध्याकाळी काळी द्राक्षं उकळायची, फडक्यातून गाळायची, साखर घालून पुन्हा एक उकळी द्यायची आणि गार झाल्यावर बाटलीत भरायची. जुन्या मिशनची मंडळी, दारूच्या थेंबालाही शिवणारी नव्हे, म्हणून रस ताजा आणि उकळलेलाच हवा. जी बाई रस करील तिचा त्या दिवशी कुणाशी अबोला असता कामा नये, असला तर तिने भांडं दुसरीच्या हातात द्यावं, एवढी एक अट होती. रुक्मिणीबाईंनी वर्षानुवर्षं केला. यंदा त्यांची बोटं संधिवाताने आखडली आणि भांडं थोरल्या सुनेकडे आलं.

जानकीने विचार केला की इतकी पवित्र गोष्ट, तिला रॉकेलच्या स्टोव्हची आच कशाला? तिने बुधवारीच द्राक्षं आणली, उपास धरला, वर पडद्याआड बसून हातांनी कुस्करली, रस नव्या मडक्यात गाळला, तोंडाला पांढरं कापड बांधलं आणि त्यावर प्रार्थना सुरू केली. वर पत्रे, बाहेर एप्रिलचं ऊन. पुढचं कुठल्याही बाईने सांगितलं असतं, पण जानकीने कुणाला विचारलं नाही. शुक्रवारी चंपामावशींनी दारातूनच नाक वर करून चौकशी केली होती, "गो जानकी, कोकमाचा सरबत आंबला काय गो?" जानकीने मंद हसून दार लोटून घेतलं.

आणि शनिवारी पहाटे ती गोष्ट घडली.

खरं सांगायचं तर तोवर जानकीचा धीर सुटत आला होता. गुडघे सोलवटले होते, पोटात कावळे ओरडत होते आणि वर काहीच येत नव्हतं. मुलुंडच्या मांडवात शेजारची बाई थरथर कापली होती, पुढची रडता रडता हसली होती, आणि जानकी मात्र कोरडी उभी होती. लग्न करून आल्यापासून ती मंडळीत अशीच कोरडी उभी राहत आली होती. गाणी पाठ, वचनं पाठ, पुडिंगपासून प्रार्थनेपर्यंत सगळं जमायचं, पण कुणीतरी जवळ आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पंचाच्या बायकोने असं कसं सांगायचं?

त्या पहाटे ती म्हणाली, प्रभू, आहेस तर काहीतरी कळू दे. आणि मडकं बोललं.

आधी बारीक कुजबुज झाली, मग एक बुडबुड, मग कापड मधोमध हळूच उचललं गेलं आणि खाली बसलं. जानकीच्या अंगावर काटा आला. ती पालथी पडून इतकी रडली की खाली सहदेव जागा झाला. तिने त्याला शिडीवरूनच सांगितलं. सहदेव कारखान्यात बॉयलर सांभाळून मोठा झालेला माणूस होता, झाकण का उचललं जातं हे त्याला कळायला हरकत नव्हती, पण बायकोचा चेहरा त्याने असा उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्याने मान डोलावली आणि दाढी करायला गेला.

राजाराम आरे कॉलनीच्या डेअरीत मेकॅनिक होता. शनिवारी अर्धा दिवस करून तो दुपारी घरी आला आणि जिन्यातच थबकला. वास. हा वास कुणी दुसऱ्याने त्याला सांगायची गरज नव्हती, डोळे बांधून सोडला असता तरी तो त्या मागाने गेला असता. घरात आई भिंतीशी पाठ टेकून पेंगत होती. जानकी आणि सहदेव मंडळीच्या देवळात मेजावर कापड घालायला गेले होते, विमला पाणी भरत होती. राजाराम शिडी चढला, पडदा सारला. मडक्यावरचं कापड फुगून बसलं होतं आणि कडेने गुलाबी फेस येत होता.

त्याला आधी हसू आलं. वहिनीने, त्याच्या वहिनीने, उद्याच्या प्रभुभोजनाला पंचाच्या घरात दारू लावली होती आणि वर प्रार्थना करून तिची राखणही केली होती. मग तोंडाला पाणी सुटलं आणि हसू विरलं. दोन वर्षांत इतक्या जवळ तो कधी बसला नव्हता. एका हाताचं अंतर, आणि बघणारं कुणी नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तसाच बसून राहिला. उठून जावं हे त्याला कळत होतं, पण पाय उठत नव्हते.

विमला हंडा घेऊन आली तेव्हा तिला पडद्याखालून त्याचे पाय दिसले. तिने हंडा खाली ठेवला आणि हाक मारली. तो उतरला. ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "श्वास सोड."

ही त्यांची जुनी पद्धत होती, गेल्या दोन वर्षांत विसरलेली. राजारामने निमूट श्वास सोडला. विमलाने वास घेतला, पुन्हा घेतला. पण सबंध घरालाच तो वास येत होता, त्यात नवऱ्याचा कुठला आणि घराचा कुठला हे तिला सांगता येईना. त्यापेक्षा तो पिऊन आला असता तर निदान कळलं तरी असतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःवरच चिडली.

"हात नाही लावला, विमल," तो म्हणाला.

"मग वर काय करत होतास?"

याचं उत्तर त्याला देता येण्याआधी सहदेव आणि जानकी दारात आले. सहदेवने उंबरठ्यावरच नाक आकसलं आणि सरळ भावाकडे पाहिलं. पहाटे मडक्याजवळ न आलेली शंका आता भावाजवळ मात्र लगेच आली.

"आज? अरे, आजचा एक दिवस नाही निघाला तुझ्याच्याने?" तो म्हणाला. "उद्या पाळकसाहेबांना मी काय तोंड दाखवू, सांग ना."

जानकी तोवर शिडी चढून गेली होती. पडदा सारलेला पाहून ती तशीच खाली आली, हाताने पदर छातीशी आवळलेला. भावजी तिथे गेले होते, त्या जागी गेले होते, असं ती दोनदा म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. ओरडून नव्हे. पहाट, प्रार्थना, कुजबुज, कापड, सगळं हळू आवाजात, राजारामला समजावं म्हणून. इतकी वर्षं मी वाट पाहिली भावजी, आणि आज तो आला होता हो, असं ती म्हणाली.

राजाराम बोलायला तोंड उघडून होता. वहिनी, ते आंबलंय, एवढं म्हटलं की तो सुटला असता. दादाचा संशय गेला असता, विमलाचा जीव खाली पडला असता, उद्याचा सदरा अंगात चढला असता. पण वहिनीचा चेहरा समोर होता. फक्त बाटली जवळची वाटायची ते दिवस त्याला आठवले, तेव्हा कुणीतरी येईल आणि हात धरील म्हणून तोही वाट पाहत असे. ज्या माणसाला आयुष्यात एकदा काहीतरी आल्यासारखं वाटलंय त्याला तो फेस होता म्हणून कसं सांगायचं? त्याच्याच्याने होईना.

"मी उद्या येत नाही दादा," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या वेळी बघू. पण ते मडकं नेऊ नका."

विमला मटकन खाली बसली. येत नाही म्हणजे प्यायला, असाच त्याचा अर्थ होता, दुसरा कुठला असणार? सहदेवनेही तोच घेतला. जानकीने वेगळाच घेतला. मडकं का न्यायचं नाही, म्हणजे तुम्ही ते विटाळलंत का, असं तिने विचारलं. राजारामने नाही म्हणून मान हलवली. मग का नाही न्यायचं? त्याने खाली पाहिलं.

"बघा तर मग," जानकी म्हणाली. तिने मडकं स्वतः खाली आणलं, गाठ सोडली. हाताशी पहिला जो पेला आला तो उचलला, भरला आणि उभ्या उभ्या, बुधवारपासूनच्या रिकाम्या पोटी, घटाघटा पिऊन टाकला. "काय वाईट आहे यात? जरा आंबट आहे. प्रभूचं आहे ते."

राजाराम पुढे झाला होता, पण उशीर झाला. रुक्मिणीबाईंची पेंग उडाली होती. त्यांनी मडक्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मग जानकीचे कान लाल झाले. तिने भिंतीला हात लावला आणि भिंतीला सांभाळून उभी राहायला सांगितलं. मग ती हसली. अशी हसली की चंपामावशींनी पलीकडून भिंतीवर थापटून काय झालं म्हणून विचारलं. सहदेवच्या पायांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अहो, तुम्ही मोजे घालून चालता ना, तेव्हा मांजरासारखे दिसता. मला रोज हसू यायचं, पण मी पवित्र होते ना."

सहदेवने मडक्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात सगळा उजेड पडला. तो मोठ्या गंभीरपणाने पायातले मोजे काढू लागला. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसावं.

जानकी हसता हसता रडायला लागली. हातातला पेला डोळ्यांसमोर धरून ती ओळखायचा प्रयत्न करत होती. "हा भावजींचा ना?" ती म्हणाली. "मीच खाली ठेवला होता. आणि ते मडकं... ते नुसतं आंबलं होतं, होय ना? तुम्हाला कळलं होतं, भावजी?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? मला वाचवायला उद्याचं सोडत होतात?" तिने त्याच्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. "मला काही जाणवतच नाही हो. कुणाला सांगू? सगळ्यांना जाणवतं, मलाच नाही. म्हणून एवढं झाडलं, पुसलं, वेगळं ठेवलं. तरी तिथे आलं काय, तर फेस."

विमला उठली. तिने जावेच्या हातातून पेला काढून घेतला आणि तिला जवळ घेऊन बसवलं. मघाशी आपणही नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला होता हे तिला आठवत होतं, आणि त्यामुळे तिला जानकीवर रागावता येईना. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माहेरून परत आल्यापासून या दोघी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या.

आता रुक्मिणीबाई बोलल्या. त्यांनी बोलणं लांबवलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी गाव का सोडलं ठाऊक आहे का, असं त्यांनी सुनेला विचारलं. त्या गावात चहाच्या टपरीवर आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची, बाहेरच्या कोनाड्यात. पिऊन झालं की स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायची. "ती कोनाड्यातली कपबशी मागे टाकून तो मुंबईला आला. आणि त्याच्या घरात रॉकेलच्या डब्याशेजारी पेला ठेवलास तू. रोज बघत होते मी. म्हटलं, हिचा देव हिला कधी सांगतो बघू."

"तुम्ही का नाही सांगितलंत, आई?"

"मी सांगून तू ऐकली असतीस? वर तर तुझं थेट बोलणं चाललं होतं." म्हातारीने पुन्हा बोट मडक्यात बुडवलं, सहदेवने पाहिलं तेव्हा काढून घेतलं आणि पदराला पुसलं. "काय पंच? पिणाऱ्याला बंद ठेवायचा ना नियम? मग उद्या कुणाला ठेवणार?"

पंच मडकं उचलून मोरीकडे गेले. रस नळीतून गडगडत गेला तेव्हा राजाराम खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि विमला त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. या वेळी तिने श्वास सोडायला सांगितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत नवा रस करायचा होता. मरोळ नाक्यावरच्या फळांच्या गाड्या उठत होत्या. राजाराम आणि विमला धावत गेले आणि घडातून गळालेली, कुणी न घेतलेली द्राक्षं पिशवीभर घेऊन आले. तोवर सासूने जानकीला दोन भाकऱ्या आणि झणझणीत पिठलं खायला घालून उपास मोडायला लावला होता. डोकं ताळ्यावर येताच तिने जाहीर केलं की आपण रसाला हात लावणार नाही, उद्या उपासनेलाही येणार नाही. आपण कुठल्या तोंडाने मेजाशी जायचं?

राजाराम स्टोव्हला पंप मारत होता. "मीही तेच म्हणत होतो, वहिनी," तो म्हणाला. "चला ना, शेवटच्या बाकावर बसू दोघं. नाव घेतलं की दोघं उठू. मला एकट्याला उभं राहायला जाम भीती वाटते, खरं सांगतो."

जानकीने त्याच्याकडे पाहिलं. "मी प्यायले हे मंडळीला सांगू?"

"मंडळीला माझं तोंडपाठ आहे. तुमचं ऐकून त्यांना जरा बदल होईल, यार," राजाराम म्हणाला, आणि वहिनीला यार म्हटल्याचं लक्षात येऊन त्याने जीभ चावली. कुणाचा अबोला उरला आहे का, असं रुक्मिणीबाईंनी विचारून घेतलं. उरला नव्हता. मग भांडं जानकीच्या हातात गेलं. पण आता चौघांना इतकं बोलायचं होतं की दुसऱ्या उकळीला कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि रस तळाशी लागला.

रविवारी पाळकसाहेबांनी राजाराम पाटोळे असं नाव घेतलं आणि शेवटच्या बाकावरून दोन माणसं उठली. मंडळीत कुजबुज झाली. राजारामने चार वाक्यांत आपली कबुली दिली. मग जानकीने दिली, मडक्यासकट, पेल्यासकट. पुढच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. जानकीलाही हसू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. पाळकसाहेब जरा वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग दोघांनाही पुढे या म्हणाले.

प्याला सहदेवच्या हातात होता. त्याने तो आधी भावापुढे धरला. राजारामने सवयीने तो नाकाशी नेला, क्षणभर थांबला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. करपट वास येत होता. तो प्यायला आणि प्याला त्याने वहिनीकडे दिला. जानकीने त्याच्या ओठांची जागा शोधली नाही, टाळलीही नाही. रस अगदी शांत होता, त्यात काही बुडबुडलं नाही. पलीकडे विमला रडत होती, म्हणून जानकीने प्याला पुढे दिला आणि जाऊन तिचा हात धरला. देव आला की नाही हे बघायचं त्या दिवशी तिच्या लक्षातच राहिलं नाही.